वाऱ्याची दोरी, रामेश्वरचा दर्या

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये समुद्र नाही. होसूर-सर्जापूर रोडची आद्याक्षरे नावात मिरवणाऱ्या या वसाहतीला पाणी म्हणून लाभले आहे ते कडेचे आगरा तळे. तिथे सकाळी फिरायला येणारी मंडळी आणि पाणपक्षी सुखाने नांदतात. अशा ठिकाणी वाढलेल्या माझ्या भाच्याला, म्हणजे ताईच्या एकोणीस वर्षांच्या चिरंजीवांना, भलताच छंद लागला. पतंगाला स्वतःला बांधून घ्यायचे आणि फळीवर उभे राहून समुद्रावर धावायचे! या खेळाचे नाव काइटसर्फिंग.

"आजी, रामेश्वरला शिकवतात. फक्त सहाशे किलोमीटर!" त्याने जाहीर केले.

रामेश्वरचे नाव निघाले आणि आई गप्प झाली. तिच्या देवघरात काशीहून आणलेला गंगेचा गडू बारा वर्षे सीलबंद होता. बाबा आणि ती मिळून तो रामेश्वराला वाहणार होते. बाबा गेले, गडू तसाच राहिला. आईच्या गप्प होण्याला दुसरेही कारण होते. तिचा धाकटा भाऊ कोकणातल्या एका किनाऱ्यावर ऐन विशीत लाटेबरोबर गेला. तेव्हापासून आमच्या घरात कोणी गुडघ्यापलीकडे समुद्रात उतरलेले नाही.

"मी येते," दोन दिवसांनी आई म्हणाली. "गडूही नेऊ. पण पोरगा पाण्यात जाईल की नाही, ते मी तिथे बघून ठरवीन."

संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही पहाटे निघालो. एचएसआरचा मोठा फायदा म्हणजे सिल्क बोर्डचा चौक गजबजायच्या आत गाठला, की होसूरचा रस्ता मोकळा. कृष्णगिरी, सेलम, करूर, दिंडीगल, मदुराई अशी गावे मागे टाकत संध्याकाळी पांबनचा पूल आला. १९८८ साली खुल्या झालेल्या या रस्त्याच्या पुलावरून शेजारी रेल्वेचे दोन पूल दिसले. एक १९१४ चा, आता निवृत्त झालेला. दुसरा एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला, जहाज आले की मधला भाग सरळ वर उचलून घेणारा.

पुलावर गाडीची काच खाली केली आणि वाऱ्याने आईच्या डोक्यावरचा पदरच उडवला. हा वारा हेच रामेश्वरचे वैभव! बेटाच्या उत्तरेला पाल्कची उथळ सामुद्रधुनी, दक्षिणेला मन्नारचे आखात. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा, हिवाळ्यात ईशान्येचा. ऋतूप्रमाणे किनारा बदलायचा, एवढेच खेळणाऱ्यांचे काम.

दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या किनाऱ्यावर गेलो. वाळूत आठ-दहा पतंग पसरले होते. पतंग कसले, चांगली नऊ-दहा चौरस मीटरची कापडी पाखरेच! त्यांच्या पुढच्या कडेची नळी पंपाने हवा भरून फुगवतात. त्यामुळे पाण्यात पडला तरी पतंग बुडत नाही आणि पुन्हा उडवता येतो. ही युक्ती फ्रान्समधल्या लगेन्यू बंधूंची. १९८४ मध्ये त्यांनी तिचे पेटंट घेतले. पुढे हवाईसारख्या बेटांवर हा खेळ फोफावला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही पोहोचला.

प्रशिक्षक तिथलाच काळासावळा तरुण. आईने त्याची उलटतपासणीच घेतली. भाचा दुभाषी झाला.

"वारा जास्त झाला तर?"

त्याने दांडी दाखवली. पतंगाच्या वीस-बावीस मीटर लांब दोऱ्या तिला जोडलेल्या. दांडी जवळ ओढली की ओढ वाढते, पुढे ढकलली की कमी होते.

"म्हणजे ढील द्यायची," आई म्हणाली. संक्रांतीला माडीवर पतंग उडवणाऱ्या भावाची फिरकी धरणारी बहीण होती ती. तिला हे शिकवावे लागले नाही.

"आणि ढील देऊनही भागलं नाही तर?"

तरुणाने कमरेच्या पट्ट्याजवळची लाल कळ पुढे ढकलली. आकाशातला पतंग एका दोरीवर लोंबला आणि मुकाट पाण्यावर आडवा झाला. "पहिल्या दिवशी हेच शिकवतो. उडवायचं नंतर. आधी सोडायचं."

आई बराच वेळ त्या कळीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "जा बाबा. पण हे दहादा करून दाखव."

त्याने वीसदा करून दाखवले.

पहिला दिवस वाळूतच गेला, छोट्या पतंगाबरोबर. दुसऱ्या दिवशी कंबरभर पाण्यात, फळीविना, नुसते पतंगाने ओढत न्यायचे. फळी पायात आली ती तिसऱ्या दिवशी. ताशी पंचवीस-तीस किलोमीटरचा वारा होता. चार वेळा चिरंजीव तोंडावर आपटले. पाचव्यांदा उभे राहिले आणि निघाले! पन्नास मीटर, शंभर मीटर. ताई ओरडत होती, मी टाळ्या वाजवत होते. आईची जपमाळ तेवढी थांबली होती.

तेवढ्यात झोत आला. पतंग गोता खाऊन खाली आला आणि पोरगा फळीवरून उडाला. क्षणभर पाण्यावर फक्त फेस. आई उठून चालू लागली. वाळू संपली, पाणी लागले, घोटे बुडाले, गुडघे बुडाले. ती थांबलीच नाही.

कंबरभर पाण्यात हेल्मेट घातलेले एक डोके वर आले. हात वर करून ते हसत होते. पतंग शेजारी आडवा पडला होता. लाल कळ पुढे ढकललेली होती.

"सोडलास ना?" आईने एवढेच विचारले. साडी कमरेपर्यंत भिजली आहे, हे तिला किनाऱ्यावर आल्यावर कळले.

चौथ्या दिवशी रामनाथस्वामींच्या मंदिरात गडू उघडला. गंगाजलाच्या अभिषेकाची तिथे रीतसर सोय आहे. आईने बाबांचे नाव घेतले, मग भावाचेही घेतले. इतक्या वर्षांत ते नाव मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

परतताना धनुष्कोडीला गेलो. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात हे गाव गेले, प्रवाशांनी भरलेली रेल्वेगाडीही गेली. पडक्या चर्चच्या भिंती आजही उभ्या आहेत. वाऱ्याचे हेही रूप पाहून घ्यावे. भाचा तिथे बराच वेळ गप्प होता.

आईने रुमालात सेतूची वाळू बांधून घेतली. ती आता काशीला गंगेत सोडायची.

"मी नेतो तुला, आजी," भाचा म्हणाला.

"चल. पण तिथे नावेत बसायचं, मुकाट्याने!"

कसे जाल? मदुराईपर्यंत रेल्वे किंवा विमान, पुढे रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर. वारा साधारण जून ते सप्टेंबर आणि जानेवारी ते मार्च चांगला असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा वादळांचा काळ, तो टाळावा. हेल्मेट आणि लाइफ जॅकेट देणाऱ्या, प्रशिक्षित माणसाकडेच शिकावे. किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात नवशिक्याने एकट्याने उतरू नये. कोळ्यांच्या जाळ्यांपासून दूर राहावे. आणि आधी सोडायला शिकावे.