लाउबरहॉर्नची उतरण

पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून उतरण्याची स्की-शर्यत एर्न्स्ट गेर्च यांनी स्वित्झर्लंडमधील वेंगेन येथे १९३० साली सुरू केली. लाउबरहॉर्न पर्वतावरील ही सुमारे साडेचार किलोमीटरांची वाट सुमारे अडीच मिनिटांत संपते. वेग ताशी १५० किलोमीटरांवर जातो.

विशेष हे की, येथील काही स्थळांना विजेत्यांची नव्हे, पडलेल्यांची नावे लाभली. १९५४ साली ऑस्ट्रियन खेळाडू कोसळले तो ‘ऑस्ट्रियनांचा खड्डा’. १९६५ साली योस मिन्श पडला ती ‘मिन्शची कड’. १९९१ साली गेर्नोट राइनश्टाडलर या तरुण ऑस्ट्रियनाची स्की अखेरच्या टप्प्यात सुरक्षा-जाळीत अडकली. तो प्राणांस मुकला आणि शर्यत रद्द झाली.

विजय त्या दिवसापुरता गाजतो. पडलेल्याचे नाव मात्र मागून येणाऱ्यास सावध करीत राहते.