टाकीखालचा हिरवा

जुन्या बुलेटची टाकी पाण्याने घासायला घेतली की वरचा रंग आधी राखाडी पडतो आणि मग एकेक मालक वर यायला लागतो. माझ्या हाती आलेल्या या टाकीवर काळ्याखाली मरून निघाला, मरूनखाली पुन्हा एक काळा, त्याखाली मिलिटरीचा हिरवा, मग रेड ऑक्साइड आणि शेवटी पत्रा. पोपडा उडालेल्या जागेच्या कडा उतरत्या घासल्या की हे सगळे थर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे एकात एक दिसतात. कोण हौशी होता आणि कुणी नुसती वेळ मारून नेली, तेही कळतं. मरून मारणाऱ्याने खालचा काळा घासलाच नव्हता. त्याचा रंग नखाने सुटत होता.

हिरव्याचं आश्चर्य नाही. मद्रासला १९५५ साली बुलेटची जुळणी सुरू झाली ती मुळात लष्कराच्या मागणीमुळे. लष्करातून निवृत्त झालेल्या गाड्या लिलावात निघत, पुढे नागरी नंबर घेऊन काळ्या होत. वरून कितीही रंग बदलले तरी टाकीच्या पोटाखाली, चासीच्या नळीवर बसणाऱ्या खोबणीत, ऊन पोचत नाही आणि रंगाऱ्याची गनही. मूळ शेड शोधायची तर तिथे, किंवा गुडघ्याच्या रबरांखाली. माझ्या टाकीची खोबण अख्खी हिरवी होती.

पण रंगाच्या आधी पोट. लोकांचा उत्साह नेमका उलटा असतो. गंजलेल्या टाकीला बाहेरून आरसा करायचा आणि महिन्याभरात कार्बोरेटरमधून लाल चिखल काढत बसायचं, यात काय शहाणपण? पेट्रोल ओतून टाकलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, हे मात्र आधी डोक्यात पक्कं हवं. वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी बसून राहते, आणि हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असलं की एक ठिणगी पुरते. म्हणून भोक बुजवायला डाग द्यायचा असेल तर ते काम घरी करायचंच नाही. गंजासाठी मी पेट्रोलचा कॉक काढून भोकाला बूच मारतो, आत मूठभर नटबोल्ट टाकून टाकी खुळखुळवतो, मग पातळ केलेलं फॉस्फोरिक ॲसिड. हातमोजे, चष्मा आणि उघडी गच्ची. नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवायची. ‘लगेच’ म्हणजे खरोखर लगेच. ओला उघडा पत्रा डोळ्यांदेखत पिवळा पडतो.

बाहेरचे थर काढायला रिमूव्हर झटपट काम करतो. मी वापरला नाही, कारण तो ओघळून खोबणीत गेला असता. खोबणीला टेप लावून बाकी सगळं हाताने घासलं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडी धूळ उडवायची नाही. वॉटर पेपर, पाणी आणि मास्क.

पोचे दोन प्रकारचे. डोळ्याला दिसतात ते सोपे. दुसरे हाताला लागतात. पातळ सुती कापड तळव्याखाली घेऊन टाकीवरून हात लांब फिरवला की कापडामुळे कातडीचं घर्षण जातं आणि नुसता चढउतार उरतो. गुडघ्याजवळचा एक उथळ पोचा मला असाच सापडला. लांबी, म्हणजे पुटी, मी शक्य तितकी पातळ भरतो आणि कोरडीच घासतो. पाण्याने पटापट उरकणारे कारागीर बरेच आहेत. पण पॉलिएस्टर लांबी पाणी धरून ठेवते, आणि ते पाणी पुढच्या पावसाळ्यात फोड होऊन वर येतं. पाणी प्रायमर चढल्यावर. प्रायमरवर काळ्या रंगाचा विरळ फवारा मारून पुन्हा घासलं की खड्ड्यांत काळं अडकून राहतं. मग भरा, मग पुन्हा घासा. चकचकीत काळा रंग काहीही झाकत नाही, उलट चव्हाट्यावर आणतो.

रंग आणायला नाना पेठेत गेलो तेव्हा दुकानदाराने खोबणीचा फोटो पाहिला. “साहेब, ओरिजिनल करताय ना? मग मिलिटरी ग्रीनच घ्या, मिलवून देतो.” मोह झाला. पण मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम स्पष्ट आहे: संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कुणालाही ऑलिव्ह ग्रीन रंग लावता येत नाही. आरसी बुकातही रंग काळा. ‘ओरिजिनल’ म्हणून लोक छाती फुगवतात, तेव्हा कुठल्या सालचं ओरिजिनल, हा प्रश्न कुणी विचारत नाही. ही गाडी हिरवी होती तेव्हा ती दुसऱ्या कुणाच्या नोकरीत होती. माझ्या कागदावर ती काळी आहे. काळा घेतला. खोबण मात्र नुसती पुसून, वर क्लिअर मारून तशीच ठेवली. आरटीओच्या साहेबांनी टाकी उचलून खाली वाकून पाहिलंच, तर पाहू.

रंगकाम दिवाळीनंतरचं. पावसाळी हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढुरकी झाक येते, कारण थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. एनसीची दुसरी खोड म्हणजे पेट्रोलचा थेंब पडला की तो मऊ पडतो. म्हणून शेवटचा क्लिअर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा. त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना कायमचे छळू शकतात आणि साधा मास्क त्यांना अडवत नाही. तेवढा एक हात मी बूथ असलेल्या कारखान्यात मारून घेतो. घरी केल्याचा अभिमान तिथे आवरता घ्यावा.

क्लिअरच्या आधी सोनेरी रेघा. घासण्यापूर्वीच ट्रेसिंग पेपरवर त्यांची जागा उतरवून ठेवली होती. बुलेटच्या चेन्नईतल्या कारखान्यात किशोर आणि जयकुमार हे भाऊ या रेघा टेपशिवाय, हाताने मारत. टेप लावून रेघ सरळ येते, पण दोन्ही टोकांना सारखीच जाड. लांब केसांच्या ब्रशची रेघ सुरुवातीला बारीक, वळणावर किंचित भरलेली आणि शेवटी पुन्हा निसटती असते. काचेवर भरपूर सराव करून मी हातानेच मारल्या. उजवीकडची वळणावर जरा फुगली आहे. ती राहू दिली.

गुडघ्याची रबरं आणि बॅज बसवायची घाई करू नये. रंग वरून कोरडा लागला तरी आत मऊ असतो आणि रबराचा ठसा कायमचा उमटतो. टाकी अर्धवट भरून महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, आणि गंज पुन्हा आतून सुरू होतो. गाडी चालवावी. पंपावरच्या पोराला सांगावं, बाबा, नोझल टाकीला टेकवू नकोस. तो ‘हो’ म्हणतो आणि टेकवतो.