तोंडी समज

ताईनं व्हॉट्सअॅपला ठेवलेलं ते स्टेटस मी पाहिलं तेव्हा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅब अडकली होती. सप्टेंबर २०२४ चा शेवटचा आठवडा. विधानसभा निवडणूक तोंडावर, गावोगावी उद्घाटनांचा सपाटा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरात दोन ओळी होत्या : ‘आज सहावीचा नागरिकशास्त्राचा तास रस्त्यावर झाला. विषय : स्वागत.’ खाली लहान अक्षरात अजून एक : ‘शाळा बंद करायला पट कमी पडतो, उन्हात उभं करायला बरोबर पुरतो.’

मी हसलो. आगीची इमोजी पाठवली आणि लॅपटॉप उघडला.

ताई तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, विनाअनुदानित शाळेत शिकवत होती. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे लोक राजकारणातले. आमच्याकडे हे वेगळं सांगावं लागत नाही. कारखाना, पतसंस्था, शाळा आणि तिकीट ही एकाच घराची चार दारं असतात. त्या दिवशी एक मंत्री येणार म्हणून मुलांना झेंडे देऊन रस्त्याच्या कडेला उभं केलं होतं. गाड्या दोन तास उशिरा आल्या आणि न थांबता गेल्या.

शुक्रवारी सकाळी मोठ्या बाईंनी ताईला ऑफिसात बोलावून मोबाइलवर तिच्याच स्टेटसचा स्क्रीनशॉट दाखवला. शनिवारी हातात पत्र पडलं : सोमवारी अकराच्या आत लेखी खुलासा द्यावा.

स्टेटस २४ तासांनी जातं, स्क्रीनशॉट राहतो. कोणी घेतला हे व्हॉट्सअॅप सांगत नाही, फक्त कोणी कोणी पाहिलं तेवढं दिसतं. ताईचं स्टेटस ८७ जणांनी पाहिलं होतं. त्या यादीत तिच्या सासरचे होते, डीएडच्या मैत्रिणी होत्या, दूधवाला होता, मी होतो. तिनं ती यादी मला पाठवली आणि विचारलं, ‘तू कॉम्प्युटरवाला आहेस ना, काही कळेल का?’ काही कळत नाही. पण त्यानंतर महिनाभर ती किराणा दुकानातसुद्धा माणसांच्या तोंडाकडे वेगळी बघायची.

रविवारी रात्री खुलासा मी लिहिला.

ताई लिहिणारच होती. तिनं वहीच्या पानावर चार ओळी खरडून फोटो पाठवलाही होता : मी लिहिलं ते खरं आहे, त्यात कोणाचं नाव नाही, शाळेचं नाव नाही, मुलं उन्हात उभी होती हे सगळ्यांनी पाहिलं. मला ते वाचून घाम फुटला. म्हटलं, ताई, असं लिहितात का? दाजींचंही तेच म्हणणं पडलं. मी म्हटलं, थांब, मी व्यवस्थित ड्राफ्ट करतो.

व्यवस्थित म्हणजे काय, ते सांगतो. आमच्या कामात सर्व्हर पडला, ग्राहकाचा पैसा अडकला की नंतर एक डॉक्युमेंट लिहावं लागतं. काय घडलं, परिणाम काय झाला, मूळ कारण काय, आधी काही इशारे मिळाले होते का, पुन्हा घडू नये म्हणून काय करणार. हे लिहिताना जितकं स्वतःवर घ्याल तितके तुम्ही प्रगल्भ. मॅनेजर खूश होतो, तिकीट बंद होतं, कोणाचा पगार कापला जात नाही. सहा वर्षं मी हेच लिहीत आलोय आणि बरं लिहितो. तर मी तेच मराठीत लिहिलं. ‘माझ्या कृतीमुळे शाळेच्या प्रतिमेला धक्का पोहोचला याची मला जाणीव आहे.’ ‘यापूर्वी तोंडी समज देण्यात आली असतानाही माझ्याकडून ही चूक घडली.’ ‘यापुढे सोशल मीडियावर कोणतेही मत व्यक्त करणार नाही.’

तोंडी समज म्हणजे काय होतं? सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या सरकारी शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करायचं सरकारचं पत्रक निघालं होतं. राज्यात अशा शाळा १४ हजारांहून जास्त. आमचे आप्पा जिथून निवृत्त झाले ती वस्तीवरची शाळा त्यातलीच. ताईनं तेव्हा आप्पांच्या शाळेचा फोटो स्टेटसला ठेवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘इथून चालत गेलं तर पुढची शाळा किती लांब आहे, ते साहेबांनी एकदा पावसाळ्यात चालून बघावं.’ त्यानंतर कधीतरी मधल्या सुट्टीत चहा पिता पिता मोठ्या बाई हसत म्हणाल्या होत्या, ‘मॅडम, तुमची स्टेटसं संस्थेची माणसं बघतात हं.’ बस. एवढंच. मी ते ‘तोंडी समज’ केलं, कारण आमच्या फॉरमॅटमध्ये तो एक कॉलम असतो.

साधारण तीन आठवड्यांनी आदेश आला. त्यात स्टेटसचा उल्लेखही नव्हता. ‘परिविक्षा कालावधीतील आपले काम व वर्तणूक समाधानकारक नसल्याने’ सेवा समाप्त. सोबत एका महिन्याच्या पगाराचा चेक : १८ हजार ५०० रुपये.

इथे थोडा कायदा सांगावा लागेल. मलाही तो तेव्हाच कळला. खाजगी शाळांतल्या शिक्षकांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा एक कायदा आहे, शाळेतली माणसं त्याला नुसतं ‘एमईपीएस’ म्हणतात. नवा शिक्षक दोन वर्षं परिविक्षेवर असतो. ती पूर्ण झाली की तो कायम, आणि कायम शिक्षकाला काढायचं तर आरोपपत्र, चौकशी समिती, साक्षी, सगळं रीतसर करावं लागतं. परिविक्षेतल्याला मात्र एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार दिला की पुरतं. ताई २०२२ च्या दिवाळीनंतर लागली होती. तिचं एक वर्ष आणि अकरा महिने झाले होते. खुलासा देताना आम्ही दोघांनी मोजलं होतं : आता थोडेच दिवस राहिलेत, पडतं घेऊ, एकदा कायम झालीस की मग बोल.

आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. अठराव्या दिवशी आम्ही वकिलांकडे गेलो. वयस्कर माणूस, टेबलावर फायलींचा ढीग, मागे फुल स्पीडचा पंखा. त्यांनी आदेश वाचला आणि म्हणाले, संस्थेनं हुशारीनं लिहिलंय. आरोप लिहिला असता तर आपण म्हणालो असतो की ही शिक्षा आहे, मग चौकशी का नाही केली? आता ते म्हणणार, शिक्षा कुठाय, काम पसंत पडलं नाही एवढंच. मग त्यांनी खुलाशाची प्रत वाचली. एकदा. चष्मा काढून परत वाचली.

‘हे कोणी लिहिलं?’

मी म्हटलं, मी.

‘साहेब, त्यांनी खुलासा मागितला होता. तुम्ही कबुली दिलीत.’

ताई माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, ‘आम्ही दोघांनी मिळून लिहिलं.’

त्यानंतरच्या रात्री मी जे करतो तेच केलं : शोधत बसलो. असं अजून कोणाकोणाचं झालंय? खूप जणांचं. ऑगस्ट २०२३ मध्ये अनअकॅडमीनं कायदा शिकवणाऱ्या एका शिक्षकाला काढलं, कारण व्हिडिओत तो म्हणाला होता की पुढच्या वेळी शिकलेल्या माणसाला मत द्या. त्यानं कोणाचं नाव घेतलं नव्हतं. कंपनीचं म्हणणं, वर्ग ही वैयक्तिक मतं सांगायची जागा नाही. मे २०२४ मध्ये विद्याविहारच्या एका नामांकित शाळेनं मुख्याध्यापिकेला काढलं. बारा वर्षं त्या शाळेत होत्या. त्यांनी काही लिहिलंही नव्हतं, गाझाबद्दलच्या काही पोस्टना लाइक केलं होतं आणि एका वेबसाइटनं त्या लाइकची बातमी केली होती. उदयपूरच्या एका शिक्षिकेची नोकरी २०२१ मध्ये क्रिकेटच्या मॅचवरच्या स्टेटसनं गेली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावर तर स्टेटसमुळे गुन्हा दाखल झाला : ३७० कलम काढलं तो पाच ऑगस्ट काळा दिवस, आणि चौदा ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. मुंबई उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला आणि सांगितलं की सरकारच्या निर्णयावर टीका करायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.

हे वाचून मी उत्साहानं वकिलांना लिंक पाठवली. त्यांचा दोन ओळींचा मेसेज आला : तो पोलिसांविरुद्ध होता. तुमच्या ताईंच्या संस्थेला कलम १९ लागू होत नाही.

हे मला खरंच माहीत नव्हतं. अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हटलं की मला वाटायचं ते हवेसारखं सगळीकडे असतं. ते मुख्यतः सरकारपासून संरक्षण आहे, मालकापासून फारसं नाही. सरकारी माणसाला निदान तेवढं तरी मिळतं. त्रिपुरात मत्स्य विभागातल्या एका महिलेला राजकीय सभेला गेल्याबद्दल आणि फेसबुक पोस्टबद्दल निवृत्तीला काही दिवस उरलेले असताना निलंबित केलं होतं. तिथल्या उच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये म्हटलं की सरकारी नोकर झालं म्हणून बोलायचा मूलभूत हक्क संपत नाही. पण त्यातही दोरी आवळत चाललीय. महाराष्ट्र सरकारनं जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी सोशल मीडियाचे नियम काढले : सरकारच्या, म्हणजे कोणत्याही सरकारच्या, चालू किंवा अलीकडच्या धोरणावर प्रतिकूल टीका करायची नाही.

आप्पांना मी ते वाचून दाखवलं. आप्पा म्हणाले, ‘नवीन काय त्यात? आमालाबी होतंच.’ जिल्हा परिषदेच्या नोकरांना १९६७ पासून वर्तणुकीचे नियम आहेत. मग ते जरा थांबून म्हणाले, ‘मी पेपरात पत्रं लिहायचो.’ आम्हाला दोघांनाही हे माहीत नव्हतं. आईला होतं. रस्त्यावर, पाण्यावर, शिक्षकांना जनावरं मोजायला लावण्यावर त्यांनी वाचकांच्या पत्रव्यवहारात वर्षानुवर्षं लिहिलं. खाली सही ‘एक पालक’. ‘खोटं न्हवतं,’ आप्पा म्हणाले, ‘पालक होतोच की मी.’ पत्र्याच्या पेटीत कात्रणं आहेत. ताईनं ती सगळी काढून वाचली. मी दोनच वाचली. त्यांचा खालच्या पट्टीतला राग मला सोसेना.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या पिकरिंग नावाच्या शिक्षकानं असंच पत्र १९६४ मध्ये स्थानिक पेपरला लिहिलं होतं. शाळा मंडळ कर्जरोख्यांचे पैसे खेळांवर उडवतंय असं. त्यानं खाली खरं नाव दिलं आणि नोकरी गेली. चार वर्षांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. त्यातला एक मुद्दा मला फार आवडला : शाळेचा पैसा कसा खर्च होतो हे शिक्षकालाच सगळ्यात जास्त कळतं, मग त्यानंच बोलायचं नाही हे कसं चालेल? उन्हात मुलं किती वेळ उभी होती हे ताईइतकं कोणाला माहीत असणार?

पण हे सगळं सरळ नाही, आणि इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्हाला दहावीला गणिताला जे सर होते ते फेसबुकवर एका समाजाबद्दल इतकं घाण लिहितात की वाचवत नाही. त्या समाजाचा एक मुलगा आमच्याच बेंचवर बसायचा, आता तो दुबईत आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी मी सरांच्या पोस्टचे स्क्रीनशॉट काढून त्याला पाठवले. म्हटलं, शाळेला मेल करूया, असला माणूस मुलांसमोर उभा राहायलाच नको. त्याचं उत्तर आलं, ‘राहू दे रे. मला त्रिकोणमिती त्यांनीच शिकवली.’ मेल केला नाही. पण मनातून मला सरांची नोकरी जायला हवी होती, हे खरं. आणि ताईची जायला नको होती, हेही खरं. फरक आहे, मला माहीत आहे. एकानं वर्गातल्या मुलाच्या विरोधात लिहिलं, दुसरीनं वर्गातल्या मुलांच्या बाजूनं. पण स्क्रीनशॉट घेणारा माझा अंगठा आणि त्या ८७ जणांतला तो कोणाचा तरी अंगठा, दोघांनाही आपण बरोबर करतोय असंच वाटलं असणार.

अपील दाखल आहे. तारखा पडतात. ताई घरी शिकवण्या घेते, सहावी ते आठवी. काही मुलं त्याच शाळेतली आहेत. तालुक्यातल्या दुसऱ्या दोन शाळांत तिनं अर्ज केला; एका ठिकाणी मुलाखतही छान झाली, मग फोन आला नाही. तिच्या स्टेटसला आता संक्रांतीचे तिळगूळ आणि भाचीचा वाढदिवस असतो. मी तर काहीच ठेवत नाही. आमच्या कंपनीत दर वर्षी सोशल मीडियाचं ट्रेनिंग असतं, शेवटी काही प्रश्न. मी मीटिंग चालू असताना बाजूच्या खिडकीत ते सोडवून टाकतो. हा लेख आधी टोपणनावानं द्यावा असं वाटलं होतं. आप्पांचं ‘एक पालक’ घ्यावं का, हेही मनात आलं, पण मला मूल नाही.

मागच्या महिन्यात वकिलांनी मूळ मसुदा आहे का विचारलं. होता. गूगल डॉक्समध्ये तसाच पडलेला. पाठवण्याआधी मी सहज जुन्या आवृत्त्या उघडल्या. त्यात कोणी काय कधी बदललं ते रंगात दिसतं. ताईचा रंग हिरवा, माझा जांभळा. रविवारी रात्री ११ वाजून ४ मिनिटांनी मी ‘यापूर्वी तोंडी समज देण्यात आली असतानाही’ हे लिहिलं. ११ वाजून १९ मिनिटांनी ते वाक्य हिरव्या रंगात खोडलेलं आहे. ताईनं मोबाइलवरून काढून टाकलं होतं. ११ वाजून २२ मिनिटांनी जांभळ्या रंगात ते परत आलंय.

मला हे आठवतही नव्हतं. तिला आठवत असणार. मी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढला आणि वकिलांना पाठवला. ते म्हणाले, उपयोग नाही, सही त्यांचीच आहे. ताईला अजून पाठवलेला नाही.