त्रिरश्मीच्या डोंगरावरचा जमाखर्च

रविवारची दुपार कलली की मुलाबाळांना घेऊन कुठे जावे, हा प्रश्न कष्टकरी कुटुंबापुढे असतोच. सिनेमा खिशाला परवडत नाही. आम्ही नाशिककर अशा वेळी त्रिरश्मीचा डोंगर गाठतो. मुंबई-आग्रा महामार्गालगत, शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर तो आहे. सोबत पाण्याची बाटली आणि भाकरी-चटणीचा डबा असला की झाले.

पायथ्याशी बुद्ध स्मारक आहे. तेथून दोनशेच्या आसपास पायऱ्या. म्हातारी माणसेही बसत-उठत चढतात. वर कातळात २४ लेणी आहेत. उन्हे उतरली की वारा सुटतो. खाली शहर आणि पलीकडे शेते दिसू लागतात. मुले मोकळी धावतात.

लोक यांना पांडवलेणी म्हणतात. परंतु पांडवांनी ही लेणी कोरली, असे भिंतीवरच्या ब्राह्मी लेखांत कोठेही नाही. तेथे खऱ्या दात्यांची नावे आहेत. अठराव्या लेण्याच्या दर्शनी भागावर धंबिक गावच्या लोकांचे दान नोंदले आहे. दुसऱ्या एका लेण्यात मुगूदास नावाच्या कोळ्याचे सहपरिवार दान आहे. मासे धरणाऱ्या माणसाचे नाव सुमारे दोन हजार वर्षे टिकले!

आम्ही पडलो हिशेबनीस. त्यामुळे आमचे पाय दहाव्या लेण्याच्या ओसरीत हमखास थबकतात. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवले. व्याज दरमहा शेकडा एक. म्हणजे वर्षाचे २४०. त्यातून वर्षावासातील २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ द्यायचे. बेरीज बरोबर जुळते! दुसऱ्या श्रेणीकडे आणखी १००० ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही, केवळ व्याज वापरायचे. हे सारे सभेत वाचून दाखवले, नोंदवले आणि मग दगडावर कोरले.

बंधू-भगिनींनो, एवढा विश्वास विणकरांच्या संघावर होता, कारण व्यवहार चारचौघांत होता. आज वस्तीतल्या विहाराची वर्गणी, महिला मंडळाची भिशी यांचा हिशेबही असाच सर्वांसमोर वाचला गेला, तर निम्मी भांडणे मिटतील.

येत्या रविवारी अवश्य जा. संध्याकाळी लेणी बंद होतात, म्हणून चारच्या सुमारास पोहोचा. भिंतीवर आपले नाव खरडू नका. मुलांना मुगूदासाचे नाव मात्र जरूर सांगा.