फटफटी आणि छत्री

सरकारी नोकरीत माणसाच्या हुद्द्याची ओळख त्याच्या टेबलापेक्षा त्याच्या वाहनावरून लवकर पटते, असा आमचा वीस वर्षांचा अनुभव आहे. ज्यांना न्यावयास कार्यालयाची मोटार येते ते एका जातीचे. स्वतःच्या मोटारीत एकटेच बसून चौकाचौकात खोळंबणारे दुसऱ्या जातीचे. आणि उरलेले आम्ही, बस, मेट्रो व दुचाकीचे प्रवासी. त्यातही आम्ही फटफटीवाले. ‘मोटारसायकल’ हा शब्द नोंदणीच्या पुस्तकात शोभतो. परंतु ज्या यंत्राच्या आवाजावरून शेजारच्या बाईंना पोरांचे डबे भरण्याची वेळ कळते, त्याला फटफटी हेच नाव खरे.

आमची फटफटी येझदी आहे आणि तिची सेवा आमच्या सेवेहून जुनी आहे. वंश मूळचा झेकोस्लोव्हाकियातील जावाचा. १९६१ साली म्हैसूरच्या कारखान्यातून पहिल्या जावा गाड्या बाहेर पडल्या, १९७३ पासून त्यांना येझदी म्हणू लागले, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ नंतर ही नावे नव्या गाड्यांना पुन्हा लावण्यात आली आहेत. त्या गाड्या चांगल्याच असतील; परंतु त्या पेट्रोलात तेल कालवून मागत नाहीत, तेव्हा आमच्या लेखी त्या परक्या घरच्या. आमच्या गाडीची किक आणि गिअर यांचा दांडा एकच आहे. आत दाबून वर फिरविला की किक, खाली सोडला की गिअर. एकाच माणसाकडे दोन टेबलांचे काम सोपविण्याची ही पद्धत सरकारी नोकराला चटकन समजते. ही गाडी आम्ही एका वरिष्ठांकडून घेतली. त्यांची बदली ईशान्येला झाली होती, आणि गाडीचा निरोप घेताना त्यांचे डोळे जसे भरून आले तसे कार्यालयाचा निरोप घेताना भरून आलेले कोणी पाहिले नाहीत.

मल्लेश्वरमहून कोरमंगला हे आमचे रोजचे जाणे. अंतर विचाराल तर फार नाही. वेळ मात्र विचारू नये. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांची स्वारी घोड्यावरून गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाण्यास जितका वेळ घेत असेल, त्याहून आम्ही कमी वेळात जातो, असे छातीठोकपणे सांगवत नाही. मोटारींच्या दोन रांगांमधील हातभर फटीतून शिरताना डावीकडचा आरसा, उजवीकडचा आरसा, समोरच्या बसचा मागचा दिवा आणि पावसाने झाकलेला खड्डा, अशा चार गोष्टींवर एकाच वेळी नजर ठेवावी लागते. यातली एक जरी चुकली तरी काय होईल, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. तसा कोणीच करीत नाही. रोज करावयाच्या गोष्टीचे भय बाळगणे परवडत नाही.

अशा माणसाने विमानातून उडी मारावयाची ठरविली, तेव्हा मात्र चहूकडून विचारणा सुरू झाली.

म्हैसूरला हवाई छत्रीने उडी मारण्याची शिबिरे भरत असतात, हे एका सहकाऱ्याकडून आम्हांस कळले. त्याने ती बातमी हसण्यासाठी दाखविली होती; आम्ही ती घडी करून खिशात ठेवली. आमचे वय तेव्हा अडतीस होते. पदोन्नती नुकतीच झाली होती, पुढची दहा वर्षे तरी दुसरी दिसत नव्हती, आणि आता निवृत्तीपर्यंत आपल्या आयुष्यात जे घडावयाचे ते सारे नियमपुस्तिकेत आधीच छापलेले आहे, असे आम्हांस वाटू लागले होते. यापलीकडे दुसरे कारण सांगता येत नाही. लोक धैर्याचे कौतुक करतात तेव्हा आम्ही गप्प बसतो.

मुख्यालय सोडण्याच्या परवानगीचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात ‘खासगी काम’ असे लिहिले, ते अक्षरशः खरे होते. विम्याचा एक अर्ज त्याच सुमारास भरावयाचा होता. त्यात गिर्यारोहण, मोटारींच्या शर्यती, हवाई छत्रीच्या उड्या असा काही छंद आहे काय, असा स्पष्ट प्रश्न होता. आपण रोज सकाळी फटफटीवरून होसूर रोडने जाता काय, असा प्रश्न त्यात कोठेही नव्हता.

म्हैसूरला आम्ही अर्थात फटफटीनेच गेलो. तेव्हा जुना रस्ता होता आणि तो गावागावांतून जाई. रामनगरचे ते उघडे काळे खडक, चन्नपट्टणच्या दुकानांतून टांगलेली लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी, मद्दूरचा वडा, मंड्याच्या आसपास रसाचा गोड दर्प, आणि मग श्रीरंगपट्टणच्या पुलाखालची कावेरी. एवढे सारे पार केले की म्हैसूर. मद्दूरच्या हॉटेलमालकाने आमचे शिरस्त्राण पाहून कोठे चाललात म्हणून विचारले. आम्ही सांगितले. तो म्हणाला, ‘निधानवागि होगि, सार्’, म्हणजे सावकाश जा. हा सल्ला रस्त्यासाठी होता की आकाशासाठी, ते त्याने सांगितले नाही. आज १२ मार्च २०२३ रोजी उद्घाटन झालेल्या द्रुतगती मार्गाने मोटारी भरधाव जातात. पण त्याच वर्षीच्या १ ऑगस्टपासून त्याच्या मुख्य मार्गिकांवर दुचाकींना बंदी आहे. आम्हांस बाजूच्या रस्त्यानेच जावे लागते. वडा मात्र त्यामुळे चुकत नाही.

शिबिरात पहिला दिवस सारा जमिनीवरच जातो. छातीएवढ्या उंच ओट्यावरून मातीत उड्या मारावयाच्या. पाय जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी छातीला लागलेली, आणि टेकताच अंग एका कुशीवर लोळवून द्यावयाचे. लोंबत्या पट्ट्यांत टांगून घेऊन संकटाचे पाठ म्हणावयाचे. मोठी छत्री नीट उघडली नाही तर ती आधी सोडून द्यावयाची आणि मग राखीव छत्री उघडावयाची. हा क्रम उलटला की दोन्ही एकमेकींत गुंतण्याचे भय. शिक्षक हा क्रम पन्नास वेळा म्हणवून घेतात, जेवताना विचारतात, पाठ फिरवून जात असताना एकदम वळून विचारतात. पाढे पाठ करून घेणाऱ्या आमच्या साताऱ्याच्या गुरुजींनंतर अशी करडी माया आम्ही प्रथमच अनुभवली.

आणि दुसरी एक गोष्ट आमच्या मनात भरली. उडीपूर्वी तुमचे पट्टे तुम्ही तपासता; मग शिक्षक तपासतात; मग विमानात चढण्यापूर्वी पुन्हा एकदा कोणी तरी तुम्हांला उभे करून मांडीच्या पट्ट्यापासून शिरस्त्राणाच्या बंदापर्यंत हात फिरवून पाहते. कोणी त्यात कमीपणा मानीत नाही. शंभरांनी उड्या मारलेला माणूसही नवख्यापुढे हात वर करून उभा राहतो. आमच्या कार्यालयात एक टिपणी चार टेबलांवरून फिरते आणि चारही ठिकाणी न वाचता सही होते; येथे चारही ठिकाणी वाचले जात होते, कारण टिपणी म्हणजे प्रत्यक्ष माणूस होता.

उडीविषयी थोडेच सांगतो, कारण तिच्याविषयी जे तो फार सांगतो. विमान लहान, दार काढलेले. सुमारे चार हजार फुटांवर नाव पुकारले गेले. पहिल्या उडीत छत्री आपण उघडीत नाही. विमानाला बांधलेली दोरी ती उघडते. आपण फक्त बाहेर पडावयाचे आणि मोजावयाचे, एक हजार, दोन हजार, तीन हजार, म्हणजे एकेक सेकंदाचे माप होते. तीन हजारांपर्यंत आम्ही मोजल्याचे स्मरते. मग खांद्यांना हिसका बसला, वर पाहिले तो कापड चौकोनी ताणलेले दिसले, आणि विमानाचा आवाज दूर जाऊन जी शांतता झाली तिची आम्हांस मुळीच कल्पना नव्हती. चामुंडीचा डोंगर पोळीवर आलेल्या फुग्याएवढा दिसत होता. चार-पाच मिनिटे कोणी आम्हांला काही विचारू शकत नव्हते. जमिनीवर आलो तो एका कुशीवर, शिकविल्याप्रमाणे. कोपरावर माती, बाकी सर्व जागच्या जागी. सायंकाळी त्याच फटफटीने परत निघालो, आणि मंड्याजवळ उसाचा एक ट्रॅक्टर बिनदिव्याने आडवा आला तेव्हा छातीत जे धस्स झाले ते विमानाच्या दारात झाले नव्हते.

आईला आम्ही आठवड्याने कळविले. ती साताऱ्यास असते. काही वेळ ती फोनवर बोललीच नाही. मग म्हणाली, ‘अरे, तुला कोणी ढकलले का रे?’ तिची समजूत पटविण्यासाठी आम्ही शीतल महाजनांचे नाव काढले. पुण्याच्या या बाईंनी २००४ च्या एप्रिलमध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, आणि ती त्यांच्या आयुष्यातील पहिलीच उडी होती; २००६ साली दक्षिण ध्रुवावर; आणि २०१८ साली थायलंडमध्ये तेरा हजार फुटांवरून चक्क नऊवारी नेसून. ध्रुवांचे आईला काही वाटले नाही. नऊवारीचे फार वाटले. ‘काष्टा सुटला नाही ना?’ एवढेच तिने विचारले, आणि सुटला नाही हे कळल्यावर तिचा विरोध निम्म्याने कमी झाला. उरलेला निम्मा आमच्या एका मामांनी घालविला. मराठा पलटणींची कुळकथा त्यांना तोंडपाठ आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण १९५२ साली पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली, आणि १९७१ च्या ११ डिसेंबरला तीच टांगाइलला छत्र्यांनी उतरली व पुढे ढाक्यात शिरली, हे त्यांनी आईला असे ऐकविले की जणू आम्हीही तेथे होतो. त्या रेजिमेंटचे शिक्षणकेंद्र १९९२ पासून बंगळुरातच आहे. त्याच्यावरून आमची फटफटी कैकदा गेली आहे. मामांच्या मते ही ओळख पुरेशी होती.

सौभाग्यवतींचे मात्र वेगळे होते. छत्रीला त्यांनी कधीच हरकत घेतली नाही. ‘अहो, ती तुम्ही वर्षातून दोनदा करणार, आणि तिथे तुम्हांला तपासायला चार माणसे असतात. रोजचे काय?’ एवढेच त्या म्हणाल्या.

आकडे त्यांच्या बाजूचे आहेत. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतली शेकडा चव्वेचाळीसच्या वर दुचाकीवरची होती. अमेरिकेत २०२३ साली छत्रीच्या सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा माणसे दगावली. हे आकडे आम्ही लेखापरीक्षणातील एका स्नेह्यास दाखविले. त्याने चष्मा काढून ठेवला आणि तुलनाच अमान्य केली. एकीकडे उड्या मोजल्या आहेत, दुसरीकडे माणसे. देश निराळे, वर्षे निराळी. दुचाकीवरून दररोज किती फेऱ्या होतात याची भाजक संख्या कोठे आहे? आक्षेप बिनतोड होता. सौभाग्यवतींना आम्ही तो सांगितला. त्यांनी भाजक संख्या ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी जिन्याशी उभे राहून आमच्या शिरस्त्राणाचा बंद स्वतः ओढून पाहू लागल्या. दोन बोटे आत जातात की नाही, एवढेच. त्यानंतर आम्ही नारनौलला जाऊन आलो, हरियाणातल्या त्या धावपट्टीवर रजेचे दिवस खर्ची घातले. आजवर अठरा उड्या झाल्या. पहिल्या अमेरिकी परवान्याला पंचवीस लागतात. विमानतळावर निरोप देताना त्या कधी घाबरलेल्या दिसल्या नाहीत. जिन्याशी मात्र बोटे रोज दोन.

गेल्या जूनमध्ये कन्येस अठरा पूर्ण झाली. महाविद्यालय येलहंक्याच्या बाजूला. बस बदलून जावे लागते. तिने दोन महिन्यांत शिकाऊ परवान्यापासून पक्क्या परवान्यापर्यंत सर्व सोपस्कार आपल्या आपण पुरे केले, येझदीचा तो दुहेरी दांडा आमच्याहून हलक्या पायाने चालवू लागली, आणि एका रविवारी जेवताना म्हणाली, ‘बाबा, तुम्ही मंगळवारी आणि गुरुवारी मेट्रोने गेलात तर गाडी मी नेईन.’

विमानाच्या दारात ज्याचा कंठ सुकला नाही त्याचा तो वरणभात खाताना सुकला. आम्ही हेब्बाळच्या पुलाविषयी बोललो. पावसाविषयी बोललो. विमानतळाकडे सुसाट जाणाऱ्या टॅक्सींविषयी बोललो. तिने सर्व ऐकून घेतले. तिने आमच्या उड्यांचा उल्लेखही केला नाही. केला असता तर आम्हांस उत्तर देता आले असते. सौभाग्यवती वाढीत होत्या. त्या आमच्या बाजूने एक शब्द बोलल्या नाहीत, आणि विशेष म्हणजे तिच्याही बाजूने नाही.

किल्ली आम्ही मंगळवारी दिली. नवे शिरस्त्राण आणले होते, तिच्या मापाचे. बंद सौभाग्यवतींनी ओढून पाहिला, मग आम्ही पाहिला. ती हात जरा बाजूला धरून मुकाट्याने उभी राहिली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत दिसते. तेथून पुढे नुसता आवाज येतो, तो सांपिगे रोडच्या गर्दीत मिसळेपर्यंत. आम्ही गॅलरीत उभे राहून मोजत होतो, एक हजार, दोन हजार. आम्हांस मेट्रो गाठावयाची होती, आणि सव्वानऊ होऊन गेले होते.