गाडगं, तुकडा आणि सम्राट

आमच्या वऱ्हाडात भजन स्पर्धेच्या बॅनरवर गायकाचं नाव शोधावं लागतं. आधी स्वरसम्राट, मग भजनसम्राट आणि मग कुठंतरी खाली नाव. पेटीचा पहिला सूर लागायच्या आधीच पदवी लागलेली असते. मला त्या गायकांचं हसू येत नाही. रात्र-रात्र मांडी घालून गाणाऱ्याला कुणी सम्राट म्हटलं तर कुणाचं काय जातं? प्रश्न एवढाच पडतो, की यातलं एखादं तरी नाव लोकांच्या तोंडी राहतं का?

राहिलेली नावं वेगळ्याच मातीची आहेत. एक तर अक्षरशः मातीचं आहे.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले. बालपण मामाच्या गावी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला गेलं. १९०५ मध्ये घर सोडलं तेव्हा अंगावर चिंध्या होत्या आणि जवळ एक फुटकं गाडगं. त्यातच भाकर खायची, त्यातच पाणी प्यायचं. दिवसभर गाव झाडायचं, रात्री कीर्तन. कीर्तनही कसं? समोरच्यांनाच प्रश्न विचारत जायचं: कर्ज, दारू, नवसाचं बोकड, शिवाशीव यांवर. लोकांनी डोळ्यांनी जे पाहिलं, तेच नाव ठेवलं. कुठं ते गोधडे महाराज झाले, कुठं गाडगेबाबा. ज्यांनी नाव ठेवलं ते काही कवी नव्हते, त्यांनी फक्त माणसाच्या हातात काय आहे ते बघितलं. त्यांना कुणी पाया पडलेलं खपत नसे, मग बिरुद कुठून खपणार? गाडगं मात्र चिकटलं ते कायमचं.

दुसरं नाव याहून लहान आहे. यावलीचा माणिक, जन्म १९०९. वरखेडच्या अडकोजी महाराजांनी त्याला तुकड्या म्हटलं. पोरगं तुकोबांचे अभंग गायचं, तेव्हा गुरू म्हणाले, 'तुका म्हणे' किती दिवस म्हणशील, आता 'तुकड्या म्हणे' म्हण, अशी गोष्ट आमच्याकडं सांगतात. तुकड्या म्हणजे भाकरीचा तुकडा, पूर्ण नव्हे असं काहीतरी. एखाद्यानं हे नाव लपवलं असतं. यांनी ते प्रत्येक भजनाच्या शेवटी स्वतः घातलं आणि खंजिरीवर गावोगाव नेलं. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभं राहिलं, १९४२ मध्ये तुरुंगवास झाला. पुढं राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटलं. ती पदवी खरीच होती, ती आधी केलेल्या कामावर आली. तरी पदवी नावाच्या पुढं उभी राहिली. नाव तुकडोजीच राहिलं.

हे फक्त आपल्याकडंच घडतं असं नाही. अमेरिकेतल्या कंट्री म्युझिकचा पहिला मोठा गायक जिमी रॉजर्स हा रेल्वेत ब्रेक सांभाळणारा कामगार. क्षयामुळं ते काम सुटलं, १९२७ मध्ये गाणी रेकॉर्ड झाली आणि लोक त्याला 'गाणारा ब्रेकमन' म्हणू लागले. तो १९३३ मध्ये गेला. 'कंट्री म्युझिकचा जनक' हीसुद्धा त्याची ओळख झाली. पण रेल्वेची टोपी घातलेला माणूस डोळ्यांसमोर येतो तो पहिल्याच नावानं. त्याच काळात नॅशव्हिलच्या रेडिओवर जॉर्ज हे नावाचा निवेदक होता. तो स्वतःला 'गंभीर म्हातारा न्यायाधीश' म्हणवून घ्यायचा. न्यायाधीश तर नव्हताच, म्हाताराही नव्हता. तेव्हा जेमतेम तिशीचा होता. म्हणजे कमावलेली नावं आणि लावून घेतलेली नावं तिथंही शेजारी-शेजारीच नांदत होती.

फरक मला एवढाच दिसतो. टोपणनाव ठेवायला माणसाकडं नीट बघावं लागतं: त्याच्या हातात काय आहे, पोटात काय आहे, तो कुठून आला. सम्राट म्हणायला बघावं लागत नाही, फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरात तो शब्द आधीच टाईप केलेला असतो. आमच्या गावातला खंजिरीवाला दिवसा ट्रॅक्टर दुरुस्त करतो. त्याची बोटं ग्रीसनं काळी असतात, रात्री त्याच बोटांनी खंजिरी वाजते. त्याला आम्ही सम्राट करून टाकलं. म्हणजे खरं तर आम्ही त्याच्याकडं बघितलंच नाही.

अमरावतीचं विद्यापीठ १९८३ मध्ये सुरू झालं. आज त्याला संत गाडगेबाबांचं नाव आहे. अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळची पोरं ज्या पदव्या घेऊन बाहेर पडतात, त्यांवर शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचं नाव असतं. माझ्याही पदवीवर आहे. पुण्यात एका मुलाखतीत साहेबांनी कागद बघत विचारलं, "हे गाडगे म्हणजे आडनाव ना?"

"नाही सर," मी म्हटलं, "मातीचं भांडं."