शिळ्या अलार्मचा निचरा

नेटवर्कवर पाळत ठेवणाऱ्याचा बराचसा वेळ नव्या बिघाडांपेक्षा जुन्या लाल ओळींतच जातो. उपकरण केव्हाच सुरू झालेलं असतं, पडद्यावर मात्र ते अजून बंदच. नवखा पोरगा वैतागतो, सगळ्या ओळी एकदम निवडतो आणि ‘क्लिअर’ मारतो. मी याला सफाई म्हणत नाही.

अलार्म शिळा का होतो, ते आधी बघावं. 1988 साली आलेल्या एसएनएमपी या नेटवर्क-देखरेखीच्या पद्धतीत लिंक तुटली की उपकरण स्वतःहून ‘ट्रॅप’ धाडतं, जुळली की दुसरा. दोन्ही यूडीपीवरून, 162 क्रमांकाच्या पोर्टवर, पोचल्याची पावती न मागता. गंमत अशी, की लिंक जुळल्याचा ट्रॅप निघतो त्या क्षणी राउटरकडे बऱ्याचदा पुढचा रस्ताच नसतो. शेजारच्या राउटरशी ओळखपाळख व्हायला अजून काही सेकंद असतात. म्हणजे सुवार्ता अनेकदा वाटेत मरते. वाईट बातमी मात्र आधीच पोचलेली असते, ती तशीच टिकते. पुढं आलेल्या ‘इन्फॉर्म’ला पावती असते, पण जुनी उपकरणं अजूनही ट्रॅपवरच चालतात.

दुसरं कारण अधिक छुपं. राउटर रीस्टार्ट झाला की काही उपकरणांत पोर्टचे अंतर्गत क्रमांक बदलतात. तक्रार बाराव्या क्रमांकावर नोंदलेली, बरं झाल्याची खबर चौदाव्यावर येते. दोघांची गाठ कधी पडतच नाही. तिसरं म्हणजे काढून टाकलेली उपकरणं: मयत माणसाचं नाव रेशनकार्डावर राहावं, तशी ती यादीत राहतात.

म्हणून माझा आग्रह एकच: अलार्म हातानं नव्हे, पुराव्यानं मिटवा. ट्रॅपची वाट न बघता उपकरणालाच पुन्हा विचारा, पोर्ट चालू आहे का? सलग काही वेळा ‘हो’ आलं तर यंत्रणेनंच ओळ बंद करावी. पोर्ट सतत चालू-बंद होत असेल तर तो ‘फ्लॅपिंग’ म्हणून वेगळा काढावा. नॅगिओस ही देखरेख प्रणाली शेवटच्या 21 तपासण्या बघून हे ठरवते. ‘अ‍ॅक’ (अ‍ॅक्नॉलेज) म्हणजे फक्त ‘मी पाहिलं’. ते ‘क्लिअर’ नव्हे. हा फरक पाळायला शिकवणं सगळ्यात अवघड!

सोलापूरजवळच्या कुंभारीसारख्या गावात याला वेगळाच रंग येतो. इथं विडी कामगारांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीची 10,000 घरं उभी राहिली. 19 जानेवारी 2024 रोजी इथल्याच रे नगरातल्या 15,000 घरांचं लोकार्पण झालं. पूर्ण प्रकल्प 30,000 घरांचा. अशा दाट वसाहतीत फायबर टाकलं तर एका पॉन पोर्टखाली (म्हणजे एकाच फायबरच्या फांद्यांवर) 64 घरंही येऊ शकतात. जेसीबीनं मुख्य केबल तोडली की 64 लाल ओळी. बिघाड मात्र एकच. त्या सुट्या सुट्या मिटवत बसू नये, मूळ ओळीखाली बांधाव्यात. वीज गेली तर ओएनटी, म्हणजे घरातला फायबरचा डबा, विझण्यापूर्वी ‘डाइंग गॅस्प’ धाडतो. तो आला असेल तर केबल शोधायला माणूस पाठवायचं कारण नाही. आणि रात्री बिल वाचवायला कुणी डबाच बंद केला, तर तो बिघाड नाही, शिळा अलार्मही नाही. त्याला तिसरा कप्पाच हवा.

अलार्मच्या गर्दीची किंमत जगानं मोजली आहे. 24 जुलै 1994 रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोटाआधीच्या शेवटच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर 275 अलार्म आले. उलट टोकाचं उदाहरण 14 ऑगस्ट 2003 चं: अमेरिकेतल्या ओहायोत वीज कंपनीची अलार्म यंत्रणाच मुकाट्यानं बंद पडली, तासभर कुणाला पत्ता नाही, आणि अमेरिका-कॅनडात मिळून सुमारे 5 कोटी लोक अंधारात गेले. हिरवा पडदा बघून मला सुख वाटत नाही, ते यामुळं. म्हणून पाळत ठेवणाऱ्या यंत्रणेवरही पाळत हवी: दर मिनिटाला तिनं ‘मी जागी आहे’ असं बाहेरच्या दुसऱ्या यंत्राला कळवायचं, आणि हाक चुकली की त्या यंत्रानं थेट आमच्या मोबाइलवर फोन करायचा.